साडेनऊ मिनिटांचा गळा

गळ्याला दोन कामं नेमून दिलेली आहेत आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. आवाज काढायचा तर आतले दोन स्वरतंतू जवळ यावे लागतात. श्वास घ्यायचा तर तेच बाजूला व्हावे लागतात. आपण बोलतो, मध्येच श्वास घेतो, पुन्हा बोलतो. ही अदलाबदल दिवसभर चालते आणि कुणाच्या गावीही नसते. माझ्याही नसती, पण आमच्या घरात एक गळा गाणारा आहे आणि एक धावणारा. पहिला वहिनीचा, दुसरा तिच्या लेकीचा, म्हणजे माझ्या भाचीचा.

वहिनीचा गळा लिंबायतमध्ये ठाऊक आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा आमच्या गल्लीत तिला बोलावणं लागत नाही, ती असतेच. नंदुरबार, धुळे, जळगाव या भागांतून आलेली माणसं गेल्या दोन-तीन पिढ्यांत इथे इतकी रुजली आहेत, की श्रावणात लिंबायत, दिंडोली, उधना हा सगळा पट्टा सुरतेत आहे हे विसरायला होतं. नारळाला नथ घालून देवी मांडतात, रोटाचे गहू दळलेले असतात, आणि बायका अहिराणी गाणी घेऊन रात्र जागवतात. वहिनी बसते खांबाला टेकून. साडीला लेस लावताना जशी बसते तशीच, पाठ थोडी वाकवून. आणि एकदा आवाज लावला की बाकीच्या तिच्या मागे येतात. दुसऱ्या दिवशी तापीवर विसर्जनाला जाताना इतरांचे गळे बसलेले असतात, हिचा नसतो. गाणाऱ्या बाईचे स्वरतंतू सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा एकमेकांवर येतात, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच वाटायचं, की हिला दम कसा पुरतो.

लेकीला दम पुरत नव्हता.

आमच्याकडच्या पोरांना आता मार्केटची नोकरी नको असते. रिंग रोडच्या कापड मार्केटात पार्सलं उचलणं, लूमच्या खात्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या, हे बापानं केलं, आपण करायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं असतं. मग उरते पोलीस भरती. लोकरक्षक दलाची जाहिरात निघाली की नीलगिरी मैदानाची पहाट बदलते. मुलांना पाच किलोमीटर पंचवीस मिनिटांत, मुलींना सोळाशे मीटर साडेनऊ मिनिटांत. लेखी परीक्षेचं काय व्हायचं ते पुढे, आधी हे. पोरं मराठीत शिव्या देतात, गुजरातीत अर्ज भरतात, हिंदीत एकमेकांना वेळ सांगतात आणि अंधारातच पळायला लागतात. मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. यातली कितीतरी पोरं माझ्या हाताखालून गेलेली, त्यामुळे फिरायला जाते तेव्हा ‘मॅडम, बाजूला’ असं ओरडत माझ्याच शेजारून पळतात. मला ते आवडतं.

भाची सुरुवातीला सगळ्यांत पुढे असायची. पहिले दोन फेरे ती अशी धावे की बघत राहावं. तिसऱ्याला, जिथे खरा जोर लावायचा तिथे, तिच्यातून एक आवाज यायला लागायचा. ओढल्यासारखा, कर्कश, बारीक. हात गळ्याकडे जायचा. मग ती थांबायची, गुडघ्यांवर हात टेकून वाकायची आणि चार-पाच मिनिटांत एकदम ठीक व्हायची. इतकी ठीक की पाणी पिऊन हसायची. हे हसणंच तिच्या विरोधात गेलं. ‘खरं काही असतं तर अशी हसली असती का?’ असं तिच्याच मैत्रिणी म्हणायला लागल्या.

ती मला एवढंच म्हणायची, ‘फुई, मना गया बंद व्हस.’

घरात मात्र गळ्याचं कुणी ऐकलं नाही. श्वासाचा त्रास म्हणजे छाती, हे आमच्याकडे ठरलेलं आहे, आणि त्याला कारण आहे. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला तो फुप्फुसांचा. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, दुकानांतून नाहीशा झालेल्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या, भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत दारात लोंबकळणारी कुटुंबं. दादानं आईला आणि मला त्या गाडीत खिडकीतून आत ढकललं होतं. ज्यानं ते पाहिलंय त्याला खोकला ऐकला तरी छातीच आठवते. पुढे कोरोनात ऑक्सिजनची नळकांडी शोधत फिरलेल्या माणसांना तर काही सांगायलाच नको. त्यामुळे पोरीला दम लागतो म्हटल्यावर दादा तिला छातीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला, यात नवल नव्हतं.

फोटो स्वच्छ आला. फुंकर मारायची तपासणी स्वच्छ आली. तरी वय, लक्षणं आणि धावण्याशी असलेला संबंध पाहून डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला. तोही समजण्यासारखाच निर्णय होता, कारण धावल्यावर श्वासनळ्या आखडणं हे खरोखर पुष्कळांना होतं. तिनं इमानदारीनं पंप घेतला. फरक शून्य. मग पंपाचा डोस वाढला. मग दुसरा पंप आला. मग कुणीतरी ‘टेन्शन घेते’ म्हणालं, आणि त्या एका शब्दानं घराला जणू मोकळीक मिळाली. मामींनी सांगितलं, लग्नाच्या बोलणीत दम्याचं काढू नका. शेजारच्या काकूंनी विचारलं, मेडिकलमध्ये नापास केलं तर? आणि पोरीच्या समोरच म्हणायला लागले, धावायचंच नाही म्हणून नाटक करत असेल.

त्या काळात मला सर्वांत जास्त राग आला तो या गोष्टीचा, की ती बसलेली असताना तिला सगळे तपासत होते. खुर्चीवर, टेबलावर, पाठीवर स्टेथोस्कोप ठेवून. जे फक्त धावतानाच होतं, तेही धावण्याच्या शेवटच्या टप्प्यात, ते खुर्चीवर बसून कसं दिसणार? दवाखान्याच्या रांगेत दोन तास थांबलेल्या माणसाचा श्वास जगातला सर्वांत निरोगी श्वास असतो.

उलगडा वहिनीनं केला. ती मैदानावर कधीच येत नसे, सकाळी तिला टिकल्यांच्या साड्यांचा गठ्ठा पुरा करायचा असतो. एकदा आली, माझ्याबरोबर कडेला उभी राहिली. लेक तिसऱ्या फेऱ्यात वळणावर आली आणि तो आवाज सुरू झाला. वहिनीनं डोळे मिटले, गाण्यात दुसरीची चाल उचलायच्या आधी मिटते तसे. मग म्हणाली, ‘हाई छातीनं नही, गयानं शे. सास आत लेतांना वाजस.’

खरं होतं. मी इतके दिवस तो आवाज ऐकत होते, पण तो श्वासाच्या कुठल्या बाजूला येतो हे ऐकलं नव्हतं. दम्याची शिट्टी मुख्यतः श्वास सोडताना ऐकू येते. हा आवाज श्वास आत घेताना येत होता, आणि छातीतून नव्हे, हनुवटीच्या खालून. वहिनीला वैद्यक येत नाही. तिला फक्त आवाज कुठून निघतो ते कळतं.

यात एक योगायोग आहे आणि तो मला फार आवडतो. जिवंत माणसाचे स्वरतंतू हलताना पहिल्यांदा नीट पाहून त्याचं टिपण लिहिणारा माणूसही डॉक्टर नव्हता, गाण्याचा मास्तर होता. मान्युएल गार्सिया, स्पॅनिश वंशाचा. १८५४ मध्ये त्यानं दाताच्या डॉक्टरचा लहान आरसा घशात धरला, हातात दुसरा आरसा घेतला, त्यावरून उन्हाचा कवडसा आत टाकला आणि स्वतःचाच गळा पाहिला. पुढच्या वर्षी त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर ते मांडलं. हा गृहस्थ एकशे एक वर्षं जगला. त्याला जाणून घ्यायचा होता सूर, डॉक्टरांना मात्र श्वासाचं दार उघडून मिळालं.

डॉक्टरांनी त्या दारातून काय पाहिलं, त्याचा इतिहास मात्र इतका लोभस नाही. १८४२ मध्येच अमेरिकेतल्या डंग्लिसन नावाच्या वैद्यानं गळ्याच्या अशा घुसमटीचं वर्णन केलं होतं आणि तिला हिस्टेरियाच्या नावाखाली घातलं होतं. बायांचं, पोरींचं, मनाचं. ते बिरूद शंभरावर वर्षं चिकटून राहिलं. १९८३ मध्ये डेन्व्हरच्या नॅशनल ज्युइश रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पाच रुग्णांची हकिगत छापली. दमा म्हणून या लोकांवर औषधांचा मारा झाला होता आणि दमा काही आटोक्यात येत नव्हता. झटका चालू असताना दुर्बीण घालून पाहिलं तर स्वरतंतू श्वासाच्या वेळी मिटलेले. पाचच माणसं, पण तिथून डॉक्टर गळ्याकडे पुन्हा वळले. लिंबायतच्या गल्लीतलं ‘टेन्शन घेते’ आणि त्या जुन्या पुस्तकातला हिस्टेरिया यांत मला फारसं अंतर दिसत नाही.

आता या त्रासाला लांबलचक नाव आहे, एक्सरसाइज-इंड्यूस्ड लॅरिंजियल ऑब्स्ट्रक्शन. व्यायामाच्या जोरात स्वरयंत्रापाशी वाट अरुंद होणं, एवढाच त्याचा अर्थ. कधी स्वरतंतू स्वतःच मध्ये सरकतात. त्याहून अधिक वेळा त्यांच्या वरचा भाग, कूर्चांवरची मऊ घडी, आत झुकते. माणूस नुसता बसलेला असतो तेव्हा मिनिटाला सहा-आठ लिटर हवा पुरते. जीव तोडून धावताना तीच शंभर लिटरच्या पुढे जाते. एवढी हवा त्याच वाटेनं ओढायची, आणि वाट जराशी अरुंद झाली की हवेचा वेग वाढतो, आतला दाब उतरतो आणि कडा आणखी आत खेचल्या जातात. उन्हाळ्यात घट्ट लस्सी कागदी नळीनं जोरात ओढली की नळी चपटी होऊन चिकटते, तसं. जितकी ओढ जास्त, तितकी नळी बंद. पोरगी घाबरून आणखी जोरात ओढायची आणि तिथेच फसायची.

आणखी एक गोष्ट वाचली आणि मी बराच वेळ पान उलटलं नाही. स्वरयंत्र मिटवणारे स्नायू अनेक आहेत, उघडणारी जोडी एकच. शरीरानं हा हिशेब जाणूनबुजून केलेला असावा. घास श्वासनळीत जाऊ नये, पाणी जाऊ नये, म्हणून मिटायला पुष्कळ पहारेकरी. उघडायला एकच जोडी, आणि शंभर लिटरचा सगळा भार तिच्यावर.

हा त्रास मुख्यतः किशोरवयात आणि विशीच्या आसपास दिसतो, आणि दवाखान्यात येणाऱ्यांत मुली अधिक. वयात येताना मुलांचं स्वरयंत्र मोठं होतं, मुलींचं तितकं होत नाही, हे एक कारण सांगितलं जातं. आमच्या ओळखीच्या एका सद्गृहस्थांनी लगेच निकाल दिला, की हे सगळं लिंबायतच्या हवेमुळे आणि मिठी खाडीच्या वासामुळे. हवेबद्दल आणि खाडीबद्दल माझ्याही तक्रारी आहेत, पुरात खाडी आमच्या ओट्यावर आलेली आहे. पण कोपनहेगनमध्ये चौदा ते चोवीस वयाच्या तरुणांची तपासणी झाली तेव्हा सुमारे साडेसात टक्क्यांना हा त्रास निघाला, आणि स्वीडनमधल्या उप्सालात तेरा ते पंधरा वयाच्या मुलामुलींत ५.७ टक्क्यांना. तिथे काही मिठी खाडी नाही. उग्र वास, घशाशी येणारं आम्ल, नाकातून मागे उतरणारा शेंबूड हे गळ्याला चिडवतात हे खरं, पण सगळं खापर वस्तीवर फोडून मोकळं होता येत नाही. वस्तीवर खापर फोडायची लोकांना फार सवय आहे.

धावताना होतं ते धावतानाच पाहायला हवं, ही माझी चरफड नॉर्वेतल्या बर्गेनच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये रीतसर तपासणीत उतरवलेली निघाली. ट्रेडमिलवर माणूस पळतो, नाकातून गेलेली बारीक दुर्बीण डोक्यावरच्या पट्ट्याला बसवलेली असते, आणि दमून थांबेपर्यंत प्रत्येक श्वासाला गळा काय करतो ते पडद्यावर दिसत राहतं. रात्री मोबाइलवर त्याचं चित्र पाहिलं. डोक्यावर ते सगळं शिंगासारखं बांधून धावणारा तरुण. हास्यास्पद दिसत होता, आणि मला त्याचा हेवा वाटला.

आमच्या नशिबी तसली यंत्रणा नव्हती, पण डोकं असलेले डॉक्टर होते. भाची धावत असताना तिच्या मैत्रिणीनं शेजारी सायकल चालवत मोबाइलवर तो आवाज टिपला होता. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तो ऐकला, पुन्हा ऐकला आणि नर्सला म्हणाले, हिला जिना चढवा. चढवा, उतरवा, पुन्हा चढवा, आवाज येईपर्यंत. दुर्बीण तयार ठेवली. पोरगी दवाखान्याचा जिना भरतीचं मैदान असल्यासारखी चढत होती, वरच्या मजल्यावरचे पेशंट बाहेर येऊन बघत होते. आवाज सुरू झाला तशी तिला खुर्चीत बसवली आणि नाकातून नळी आत गेली. शेवटचे काही श्वास तेवढे हाती लागले. पुरेसे होते. पडद्यावर मला गुलाबी, ओलं काहीतरी दिसलं. ती श्वास ओढी तशी मागच्या बाजूची घडी पुढे झुकायची, स्वरतंतूंमधली काळी फट बारीक व्हायची. मग फट रुंदावत गेली आणि सगळं नेहमीसारखं झालं. वहिनी माझ्या मागे उभी होती. तिनं डॉक्टरांना विचारलं, ‘गाताना यही मिटता है ना?’ डॉक्टर हसले, हो म्हणाले.

भाची मात्र रडली. त्रासानं नाही. ‘दिसलं ना?’ एवढंच ती विचारत होती, आळीपाळीनं आम्हा प्रत्येकाला. दादाला तर दोनदा विचारलं. दादा खिडकीकडे बघत होता.

उपचार ऐकून सगळ्यांची निराशा झाली, कारण त्यात औषधच नव्हतं. शस्त्रक्रिया असते, घडीचा फालतू भाग कमी करायची, पण ती मोजक्या, जड प्रकरणांत. बाकी सगळं शिकण्याचं. वाचा-उपचार करणाऱ्या बाई गुजरातीत सांगायच्या, भाची हिंदीत उत्तर द्यायची आणि घरी येऊन गच्चीवर अहिराणीत स्वतःला दटावत सराव करायची. खांदे सोडायचे. जबडा सोडायचा. श्वास पोटाकडे न्यायचा. श्वास सोडताना ओठांतून बारीक धार, आणि घेताना जीभ दातांना लावून आधी अडवून ओढायचं, मग मध्येच जीभ काढून वाट मोकळी करायची. ही शेवटची युक्ती डेन्व्हरच्याच एका डॉक्टरांची, धावपटूंसाठी बसवलेली. आधी बसून, मग चालत, मग धावत, आणि आवाज यायच्या आधीच, आल्यावर नाही. आवाज आला की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला गळा कुणाचं ऐकत नाही.

वहिनीनं यात ढवळाढवळ केली नसती तर ती वहिनी कसली. तिचं म्हणणं, ओवी लांबवताना आपण गळा आवळत नाही, पोटातून सोडतो, तेच उलट कर. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, चालेल, सोपं वाटत असेल तर तसंच करू द्या. आता मायलेकी संध्याकाळी गच्चीवर एकीची गाणी आणि दुसरीचे श्वास असा काहीतरी विचित्र सराव करतात आणि खालून दूधवाला विचारतो, कार्यक्रम आहे का.

सगळं झटक्यात बरं झालं असं नाही. उन्हाळ्यात, सर्दीत, मैदानावर कुणी वेळ मोजायला उभं राहिलं की गळा अजून कधीकधी हट्टाला पेटतो. पण तिला आता ठाऊक आहे की ती मरणार नाही, आणि तिच्या शेजारी पळणाऱ्यांनाही ठाऊक आहे की ती नाटक करत नाही. साडेनऊ मिनिटांच्या आत ती येते, कधी आरामात, कधी जेमतेम. अर्जात काय लिहायचं यावर दादा आणि तिचं अजून एकमत नाही. दादा म्हणतो, विचारलं तरच सांग. ती म्हणते, विचारलं नाही तरी सांगणार. मी तिच्या बाजूनं आहे, पण बापाची भीतीही मला कळते.

मैदानावर मात्र तिची डॉक्टरकी सुरू झाली होती आणि मला तिची धास्ती होती. दम लागला की जो तो तिच्याकडे यायचा आणि ही जीभ दातांना लावायला सांगायची. म्हणून मी तिला डॉक्टरांचं वाक्य पाठ करून घ्यायला लावलं, की काहींना दमा आणि गळा दोन्ही एकदम असतात, आणि पंप स्वतःच्या मनानं कुणी सोडायचा नाही. मग गोडादऱ्याची एक मुलगी आली. धाव संपल्यावर, खाली बसून पाच-दहा मिनिटं झाल्यावर हिची छाती आवळायची, अर्धा-पाऊण तास सुटायची नाही, आणि शिट्टी वाजायची ती श्वास सोडताना. भाचीनं तिच्या पाठीला कान लावून ऐकलं, दोनदा. मग म्हणाली, ‘तुझं माझ्यासारखं नाही. तू छातीच्या डॉक्टरकडे जा.’ ती गेली. तिला पंप लागू पडला. आता धावायच्या आधी ती पंप घेते, ही गळा सोडायचा सराव करते, आणि दोघी एकाच रांगेत उभ्या राहून कोण पुढे जाणार यावर भांडत असतात.